मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी हलणारी जीप

गाडीला आवाज येतोय अशी तक्रार घेऊन येणारा माणूस आधी तो आवाज तोंडाने काढून दाखवतो. इतक्या वर्षांत याला अपवाद मला भेटलेला नाही. वकील, कंत्राटदार, सरपंच, सगळे माझ्या दहिवलीच्या गॅरेजात उभे राहून कुईकुई, खर्रखर्र, टुकटुक करून गेलेत. एक गुरुजी तर गिअरप्रमाणे आवाज बदलून दाखवायचे. पहिल्यात घूंऽ, दुसऱ्यात घूंऽ आणि मग टक्. मी चेहरा सरळ ठेवून ऐकून घ्यायचो. ऐकणं भाग होतं, उपयोग मात्र काडीचा नाही. ज्याला खर्चाची धास्ती जास्त, त्याच्या तोंडून आवाजही मोठा यायचा, एवढंच त्यातून कळत असे.

अंक काढणाऱ्या मंडळींनी 'तुमचा प्रवास लिहा' म्हणून गळ घातली. आता प्रवास कसला? मी एका जागी बसून होतो, प्रवास गाड्यांनी केला. कुठल्या साली काय शिकलो आणि कुठल्या साली गॅरेजवर पत्रे टाकले, हे लिहून वाचणाऱ्याला जांभई आणण्यात अर्थ नाही. दोन-चार गाड्यांचं सांगतो. त्यातल्या एका गाडीचं सांगायचं म्हणूनच खरं तर लिहायला बसलोय.

माझ्याकडे बहुतेक जुन्या जीपा यायच्या. लष्कराने लिलावात काढलेल्या, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या, अंगावर तीन-तीन रंगांचे थर असलेल्या. कर्जत-खालापूरच्या डोंगराकडच्या वाटांवर तेव्हा दुसरं काही चालत नसे. भाताच्या बांधावरून जायचं, ओढ्यात उतरायचं, दगडावर चढायचं. अशी गाडी वाजणारच. प्रश्न एवढाच असतो की तिचं नेहमीचं वाजणं कुठलं आणि दुखणं कुठलं.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर युक्ती साधी आहे. गाडी वेगात घ्या, मग गिअर काढून तिला तशीच सोडा. इंजिन मंद झाल्यावर आवाजही मंद झाला, तर दोष वर, इंजिनात. इंजिन मंद झालं तरी आवाज चाकांबरोबर चालतच राहिला, तर दोष खाली, चाकं, बेअरिंग, शाफ्ट यांच्यात. एवढ्यावर अर्धी लढाई संपते. पण लोकांना पाना घेऊन गाडी उघडायची घाई फार. मुंबईच्या एका गृहस्थांनी पळसदरीला जमीन घेतली होती. त्यांच्या जीपची गिअरबॉक्स दोन ठिकाणी उघडून झाली होती आणि घूंघूं आवाज होता तसाच होता. मी त्यांना डांबरी रस्त्यावरून खाली कच्च्या वाटेला उतरवलं. आवाज गेला. परत डांबरावर घेतलं, आवाज आला. मागच्या चाकांना चिखलात पकड यावी म्हणून त्यांनी उंच गोट्यांचे नवे टायर घातले होते. ते गोटे डांबरावर वाजत होते, बाकी काही नव्हतं. गृहस्थ म्हणाले, "मग यावर उपाय काय?" मी म्हटलं, "डांबरावर येऊ नका." ते मला आखडू समजले असावेत. पण मी खरं तेच सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट काकूंची. कर्जतच्या वरच्या अंगाला एक भाऊसाहेब होते, घरची बरीच शेती, दारात लिलावातली जीप. ते एकदा काकूंना घेऊन आले. काकूंचं म्हणणं, त्या गाडीत बसल्या की करकर आवाज येतो. भाऊसाहेब म्हणाले, "मिस्त्री, हिला गाडीत बसायचंच नाय, म्हणून ही नवी कुरकुर." मी एकटा चालवून आलो, आवाज नाही. भाऊसाहेबांनी स्वतः चालवली, आवाज नाही. भाऊसाहेबांचा चेहरा खुलला. काकू पदर सारखा करून माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि आम्ही शंभर पावलं गेलो नाही तोच करकर सुरू.

भाऊसाहेबांना ते पटेना. म्हणून मी काकूंच्या जागेवर तांदळाची गोणी ठेवली आणि भाऊसाहेबांना मागे बसवलं. गोणीलाही तोच आवाज. त्या बाजूच्या पाट्याच्या, म्हणजे चाकावरच्या लोखंडी स्प्रिंगच्या, टोकाचं रबर वाळून फुटलं होतं, वजन आलं की लोखंडावर लोखंड घासायचं. भाऊसाहेब एरवी एकटेच गाडी फिरवायचे, आणि काकू बसल्या की येणारा आवाज त्यांनी कधी कानावरच घेतला नव्हता. काकू म्हणाल्या, "म्हणजे मी एका गोणीभर." गोणी थोडी कमी पडली होती आणि वर आणखी एक पिशवी ठेवावी लागली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ही गोष्ट मी पुढे बरीच वर्षं गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचो. शेवटी मान डोलावून म्हणायचो, माणूस सांगतो ते आधी खरं धरून चालावं. लोकांनाही ते आवडायचं. मीच ते पाळत नव्हतो, हे मला फार उशिरा कळलं.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. मी खोपोलीला कासमभाई नावाच्या उस्तादाच्या हाताखाली काम शिकलो. त्यांचा एकच कायदा होता, "पहले नहलाव, बाद में हात लगाव." गाडी आधी धुवायची. मळलेल्या गाडीत तेल कुठून गळतं ते दिसत नाही, चिरा दिसत नाहीत, आणि मिस्त्रीच्या डोक्यातही मळ बसतो, असं ते म्हणायचे. मी स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा आधी विहिरीवर पंप बसवला आणि गाडी वर चढवायला दगडी रॅम्प बांधला. हत्यारं मागाहून आली. गाडी आली की पहिला तासभर पाण्याचा फवारा, खालून, वरून, चाकांच्या आतल्या बाजूनेसुद्धा. न धुतलेल्या गाडीला माझ्याकडे पाना लागत नसे. मला त्याचा भारी अभिमान होता. 'दहिवलीचा मिस्त्री गाडी नव्यासारखी करून देतो' असं लोक म्हणायचे, त्यातलं अर्धं श्रेय पाण्याचं होतं.

तर बाळाराम. हा कुंभिवलीचा. घरची थोडी भातशेती, ती त्याचा भाऊ करायचा. बाळाराम ट्रकवर राहून गाडी शिकला आणि एका सरकारी खात्यात जीपवर हंगामी ड्रायव्हर लागला. खात्याचं नाव सांगत नाही, खातं अजून आहे. तिशीतला, अंगाने बारीक, बोलायला कमी. कायम होण्याचा त्याचा कागद वर गेला होता आणि उत्तराची वाट बघत होता. हंगामी म्हणजे साहेबाची मर्जी, कायम म्हणजे म्हातारपणापर्यंतची भाकरी. ज्या घरातून आजवर कुणी पगार आणला नव्हता, त्या घरात त्या कागदाचं काय मोल होतं ते मला सांगायला नको.

त्या जीपचा पुढचा भाग मीच खोलून नवा करून दिला होता. पुढची चाकं ज्या उभ्या खिळ्यांवर वळतात त्यांना किंगपिन म्हणतात. ते झिजले की गाडी एका ठरावीक वेगाला मान हलवायला लागते. पुढची दोन्ही चाकं थडथडतात आणि स्टिअरिंग हातात नाचतं. वेग कमी केला की थांबतं, वाढवला तरी कधीकधी थांबतं. जुन्या जीपांचा हा नेहमीचा रोग. मी किंगपिन बदलले, बेअरिंगं बदलली, सांधे घट्ट केले. दोन महिन्यांनी, गणपती होऊन गेल्यावर, बाळाराम गाडी घेऊन दारात.

"मिस्त्री, पस्तीसला हालती."

मला राग आला. माझ्या हातची गाडी दोन महिन्यांत हलते म्हणजे काय? मी गाडी रॅम्पवर घेतली, रीतीप्रमाणे स्वच्छ धुतली, सगळं हलवून पाहिलं. कुठे सुईएवढी ढील नाही. मग हायवेला नेऊन पस्तीस मैलांच्या वेगाला धरली. गाडी तळ्यातल्या पाण्यासारखी शांत.

"कुठे हलते?" मी विचारलं.

"सकाळी हालत व्हती." तो म्हणाला.

पंधरा दिवसांनी परत आला. परत धुतली, परत पाहिली, परत काही नाही. या वेळी मी त्याला थोडं लागेल असंच बोललो. म्हटलं, "बाळाराम, गाडी माझी सासू नाही, की तुझ्यापुढे एक आणि माझ्यापुढे एक." तो हसला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहिला.

तिसऱ्या खेपेला त्याच्याबरोबर साहेब आले. साहेब पुण्याकडचे, कामाला कडक, स्वतःला गाडी न येणारे. मी धुऊन, तपासून, दोघांना बसवून गाडी फिरवून आणली. काही नाही. साहेब उतरले आणि म्हणाले, "मिस्त्री, मी शेजारी बसतो. याचे हात हलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय."

बाळाराम म्हणाला, "सायेब, हात नाय, इस्टेअरिंग हालतं. हात त्याच्यासंगं हालतात." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मिस्त्री, एक हाय बघा. दरवेळी हालत नाय. गावाला मुक्काम केला ना, की दुसऱ्या दिशी हालती. मंग दोन-तीन दिसांनी आपोआप बरी व्हती."

त्याने जे पाहिलं होतं ते त्याने इमानाने सांगितलं. एवढी नेमकी माहिती मला आयुष्यात फार थोड्या गिऱ्हाइकांनी दिली असेल. पण ती ऐकून साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी साहेबांकडे. ते दारूबंदीचे दिवस होते. दारू दुकानात मिळत नसे, गावात मिळायची. मुक्कामाला साहेब शाळेच्या खोलीत झोपणार, ड्रायव्हर कुणाच्या तरी पडवीत. रात्री गावात मुक्काम, सकाळी हात हलतात, दोन-तीन दिवसांत आपोआप बरं होतं. याचा अर्थ काढायला शाळेत जावं लागत नव्हतं. त्याच्या तोंडाला वास कधीच आला नव्हता, त्याचंही उत्तर कचेरीत तयार होतं, तो वास न येणारी घेतो.

साहेब म्हणाले, "उद्या कचेरीत या. मला लेखी लागेल."

मी गेलो. इथे एक गोष्ट लाज न बाळगता सांगतो. माझे वडील तालुक्याच्या कचेऱ्यांत आयुष्यभर दाराशी उभे राहिले. छप्पन्न साली आमच्या घराने धम्म घेतला, मी सातवी झालो, हातात कसब आलं, पण कचेरीत खुर्ची मला तोवर कुणी दिलेली नव्हती. साहेबांनी त्या दिवशी शिपायाला सांगून खुर्ची मागवली, कोरा कागद पुढे ठेवला आणि स्वतःचं पेन दिलं. म्हणाले, "तुमच्या शब्दावर आहे सगळं, मिस्त्री." माझं अक्षर चांगलं आहे. मी सावकाश, रेघेत लिहिलं, 'वरील जीप तीन वेळा तपासली. गाडीत कोणताही दोष नाही.' खाली सही केली. मला दोष सापडला नाही, एवढंच मला ठाऊक होतं. पण त्या खुर्चीत बसून तसं लिहायला कमीपणा वाटला.

बाळाराम बाहेर गाडीजवळ उभा होता. मी त्याच्याशी न बोलता निघून आलो.

पंधरा दिवसांत त्याला कमी केलं. कायम होण्याचा कागद मधूनच परत आला, असं ऐकलं. जीपवर दुसरा ड्रायव्हर आला. तोवर दिवाळी झाली होती, वाटा वाळल्या होत्या, पुढच्या पावसातही तो गाडी डांबरावरच ठेवायचा, आणि त्याच्या हातात गाडी एकदाही हलली नाही. मला तेही ऐकून बरं वाटलं, कारण माझं लेखी खरं ठरलं.

पुढच्या वर्षी, गणपतीनंतरच, डोंगरालगतच्या गावातला एक कोंबड्यांचा धंदा करणारा माणूस त्याची जीप घेऊन आला. म्हणाला, पस्तीसला हलते. माझ्या पंपाची मोटर तेव्हा जळाली होती आणि दुरुस्तीला खोपोलीला गेली होती. मी त्याला म्हटलं, दोन दिवसांनी ये, धुतल्याशिवाय मी हात लावत नाही. तो ऐकेना. अंडी पोचवायची होती त्याला. शेवटी नाइलाजाने, आयुष्यात पहिल्यांदा, मी बरबटलेली गाडी तशीच रस्त्यावर काढली.

पस्तीसला स्टिअरिंग माझ्या हातात असं नाचायला लागलं की दात वाजले.

परत आणून पुढचा भाग जॅकवर उचलला. किंगपिन ठीक, बेअरिंग ठीक. काही सुचेना म्हणून चाक हाताने फिरवून सोडलं. ते फिरलं, थांबलं, थोडं मागे आलं आणि स्थिरावलं. परत फिरवलं. परत तीच जागा खाली येऊन थांबलं. पाच वेळा फिरवलं, पाचही वेळा तेच. म्हणजे चाकाला एका बाजूने वजन होतं. चाक काढून उलटं केलं तर रिंगेच्या आतल्या बाजूला, बाहेरून अजिबात दिसणार नाही अशी, चिकणमातीची लादी बसलेली. वाळून घट्ट झालेली, चांगली दोन शेर भरेल एवढी. स्क्रू ड्रायव्हरने ठोकून काढली, चाक बसवलं, गाडी पस्तीसला धरली. शांत.

मी त्या माणसाला विचारलं, "रात्री गाडी कुठे होती?"

"खाचराच्या कडंला. चिखलातनं आलो नि लावली तशीच सकाळपत्तर."

एवढं पुरे होतं. गाडी चिखलातून येते, रिंगेच्या आत चिखल भरतो. चाक फिरतं तोवर तो सगळीकडे सारखा असतो. गाडी रात्रभर उभी राहिली की ओला चिखल घरंगळून खाली साचतो आणि सकाळपर्यंत धरून बसतो. मग चाक एका बाजूला जड. दोन-तीन दिवस गाडी चालली की पार वाळून, तडकून, आपोआप पडून जातो. आणि मधे कुणी गाडी दहिवलीला आणलीच, तर दहिवलीचा मिस्त्री आधी ती धुतो. चाकांच्या आतल्या बाजूनेसुद्धा. गाडीचा रोग मी तिन्ही वेळा स्वतःच्या हाताने धुऊन टाकला आणि मग गाडी निरोगी आहे म्हणून सही केली.

कोंबडीवाला खुशीत गेला. मी तिथेच मातीच्या ढेकळांजवळ बसून राहिलो.

दोन दिवस मी कुणाला काही बोललो नाही. खोटं कशाला सांगू, गप्प राहावं असंही मनात आलं. वर्ष होत आलं होतं. साहेब विसरले असतील, बाळाराम कुठेतरी लागला असेल. माझं नाव होतं, गिऱ्हाईक होतं. तिसऱ्या दिवशी मात्र कपडे बदलून कचेरीत गेलो आणि उभ्यानेच सांगितलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मिस्त्री, तुमचंच लेखी आहे."

"होय साहेब. ते चुकलं."

"चुकलं म्हणजे? तेव्हा गाडीत दोष होता?"

"मी तपासली तेव्हा नव्हता. मी धुऊन काढला होता."

"मला हे समजत नाही."

"मग उद्या दुपारी गाडीत बसा माझ्याबरोबर."

त्यांच्या नव्या ड्रायव्हरला सांगून मी जीप गॅरेजात ठेवून घेतली. खाचरातली ओली माती आणली, डाव्या पुढच्या चाकाच्या आत एका जागी थापली आणि दुसऱ्या दुपारपर्यंत तशीच वाळू दिली. साहेब आले. मी गाडी हायवेला काढली. खालापूर मागे पडलं, कुंभिवलीकडचा सरळ पट्टा लागला आणि काटा पस्तीसवर आला.

स्टिअरिंग थडथडायला लागलं. माझे हात मनगटापासून हलत होते. साहेब रस्ता सोडून माझ्या हातांकडे बघायला लागले. त्यांची ती नजर मला ओळखीची होती. फरक एवढाच की या वेळी ती माझ्यावर होती.

मी म्हटलं, "साहेब, नीट बघा." आणि दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

स्टिअरिंगला कुणाचाही हात लागलेला नव्हता आणि ते तसंच नाचत होतं, डावीकडे, उजवीकडे. साहेबांनी पुढची दांडी घट्ट धरली. "पुरे." ते म्हणाले.

मी हात परत ठेवले, गाडी बाजूला घेतली, चाकातली माती ठोकून काढली आणि त्यांना परत त्याच पट्ट्यावरून पस्तीसने नेलं. पुन्हा हात उचलले. काही हललं नाही. खालापूर आल्यावर साहेब म्हणाले, "हे त्याने सांगितलं होतं."

"होय."

"आपल्या दोघांना."

"होय साहेब."

साहेब वाईट माणूस नव्हते. कचेरीत जाऊन त्यांनी माझ्याकडून दुसरं लेखी घेतलं आणि त्याला स्वतःचं जोडलं. स्वतःविरुद्ध कागद लिहिणारे साहेब मी फार पाहिलेले नाहीत. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको म्हणून सांगून टाकतो, हुकूम निघायला आणखी तीन महिने गेले, पण निघाला. बाळाराम परत जीपवर आला, पुढे कायम झाला आणि नोकरी पुरी करून घरी बसला. ती जीप त्याने माझ्याकडे पुन्हा कधी आणली नाही. खोपोलीला न्यायचा. मी कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही.

धुण्याची सवय मी सोडली नाही. फक्त आधी मळकी गाडी चालवून बघायला लागलो. उस्तादाचा कायदा मोडताना सुरुवातीला हात अडखळायचा.

पण साहेबांना हायवेवर नेलं त्याच दिवशी संध्याकाळी मी कुंभिवलीला बाळारामच्या घरी गेलो होतो. हायवेलगत एक कारखाना उभा राहत होता, तिथे तो पहाऱ्यावर लागला होता. नुकताच कामावरून आलेला. अंगणात बसला होता. मी समोर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती. वर्षभर तो बाहेरून आला की ती त्याच्या तोंडाचा वास घेऊन मगच त्याला आत घ्यायची, हे मला मागाहून त्याच्या भावाकडून कळलं. माझं बोलणं संपेपर्यंत ती हलली नाही. मग पदर तोंडाला लावून आत गेली.

मी वाट बघत होतो की तो रागावेल, काहीतरी बोलेल. त्याने मला धरून हाणलं असतं तरी मी हात वर केला नसता.

"माती?" त्याने विचारलं. "निस्ती माती?"

"नुसती माती."

त्याने दोन्ही हात पुढे धरून उलटेसुलटे करून पाहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मिस्त्री, मी काय करायचो सांगू? रोज सकाळी तांब्या काठोकाठ भरायचो नि असा धरून उभा ऱ्हायचो. शंभर आकडे मोजायचो. पानी सांडतंय का बघायला."

"सांडलं कधी?"

"एक थेंब नाय."

"मग?"

"मंग काय," तो म्हणाला. "तुमी लिवून दिलं व्हतं ना. मला वाटायचं, माझंच मोजायला कायतरी चुकत असंल."